दम आधी तयार होतो, नडग्या नंतर: ट्रेडमिल, क्रॉस ट्रेनर आणि पहिले १० किलोमीटर

बडोद्यात पावसाळ्यात पळायला सुरुवात करणारा माणूस पंधरा दिवसांत जिममध्ये पोचतोच. कमाटीबागेतल्या वाटा चिखलाने भरतात, रस्त्यावर पाणी साचलं की खड्डा कुठे आहे ते दिसत नाही, आणि विश्वामित्री नदी भरून वाहू लागली की सगळं गावच घरात बसतं. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस पूर आला तेव्हा आमच्या भागात कित्येक दिवस पळणं तर राहोच, दूध आणायला जायचीही सोय नव्हती. मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे, तेव्हाही तीच गत. म्हणून इथे मशीन ही चैन नाही, वर्षातले निदान पाच महिने ती गरज आहे.

थंडीतल्या मॅरेथॉनमध्ये १० किलोमीटर पळायचं ठरवलेले लोक मला हमखास एकच प्रश्न विचारतात. भिशीतल्या मैत्रिणी विचारतात, दीर विचारतात, खालच्या मजल्यावरचे काका विचारतात: ट्रेडमिलवर चढू की त्या दुसऱ्या, हातापायांनी ढकलायच्या मशीनवर? त्या दुसऱ्या मशीनचं नाव इलिप्टिकल. आपल्याकडच्या जिममध्ये तिला क्रॉस ट्रेनर म्हणतात, मीही तेच म्हणेन.

उत्तर देण्याआधी माझ्या पहिल्या वर्षाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं आहे. जूनमध्ये मी जिम लावली. संध्याकाळी ट्रेडमिल रिकामी मिळायची नाही, म्हणून सलग तीन महिने, आठवड्यातून पाच दिवस, ४० मिनिटं क्रॉस ट्रेनर केला. सप्टेंबरअखेर जिने चढताना धाप लागेनाशी झाली. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पहाटे कमाटीबागेत गेले आणि एका दमात ८ किलोमीटर पळाले. श्वास इतका शांत होता की आनंदाने डोळ्यांत पाणी आलं. मंगळवारी सकाळी पलंगावरून उतरले आणि दोन्ही नडग्यांच्या आतल्या बाजूने कळ गेली. डॉक्टरांनी सहा आठवडे पळणं बंद करायला सांगितलं. त्या वर्षीची शर्यत गेली.

दम तयार होता, पाय नव्हते. दोन्ही मशीनमधला फरक एवढ्यात सांगून होतो, पण तो अंगात उतरवायला पायऱ्या लागतात.

पहिली पायरी: तारीख आणि तब्येत

ज्या शर्यतीत पळायचं तिची तारीख बघा आणि तिथून १६ आठवडे मागे मोजा. आपल्याकडची मोठी शर्यत हिवाळ्यात असते, त्यामुळे ही मोजणी साधारण भाद्रपद-आश्विनात येऊन थांबते. म्हणजे गरबा आणि दिवाळी दोन्ही सरावाच्या काळातच येणार. ते आधीच धरून चाला, पुढे त्याबद्दल सांगितलंच आहे.

वय चाळिशीच्या पुढे असेल, किंवा बीपी, साखर, घरात हृदयविकार यातलं काही असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. ते कदाचित टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासायची चाचणी, करायला सांगतील. आपल्यापैकी कित्येकांची ट्रेडमिलशी पहिली ओळख तिथेच होते: छातीला तारा लावलेल्या आणि दर ३ मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढत जाणारे. तो अनुभव मनात धरून ट्रेडमिलला घाबरू नका. तिथे तुम्हाला दमवणं हाच हेतू असतो, इथे वेग तुमच्या बोटाखाली आहे.

दुसरी पायरी: दोन्ही मशीनशी ओळख

१६ आठवड्यांची मोजणी सुरू होण्याआधीचा एक आठवडा पळायचंच नाही, फक्त शिकायचं.

ट्रेडमिलवर चढताना पट्ट्यावर उभं राहू नका. दोन्ही बाजूंच्या कडांवर पाय ठेवा, लाल दोरीची चिमटी कपड्याला लावा (पाय घसरला तर तीच पट्टा थांबवते), मशीन ३ च्या वेगावर सुरू करा आणि मग पट्ट्यावर उतरा. नजर समोर ठेवा. पायांकडे बघितलं की तोल जातो, आणि आकड्यांकडे एकटक बघत राहिलं की मान पुढे येते. दांडी धरायची नाही. दांडी धरून ८ वर पळणारा माणूस खरं तर ८ वर पळत नाही, अंगाचं बरंचसं वजन हातावर टाकतो. आमच्या जिममधला ट्रेनर मागे उभा राहून एकच वाक्य म्हणायचा, "बेन, हॅन्डल छोडी दो." ते सोडवत नसेल तर वेग जास्त आहे असं समजा आणि कमी करा. उतरताना एक-दोन मिनिटं सावकाश चालून मगच उतरा. सुरुवातीला जमीन हलल्यासारखी वाटते, ते दोन-चार दिवसांत जातं.

ट्रेडमिलवरचा आकडा ताशी किलोमीटरमध्ये असतो आणि पळणारे लोक किलोमीटरला किती मिनिटं या भाषेत बोलतात. ६० ला त्या आकड्याने भागा, झालं. ६ म्हणजे किलोमीटरला १० मिनिटं, ७.५ म्हणजे ८, ८ म्हणजे साडेसात, १० म्हणजे ६. नवशिक्याचं पहिलं पळणं ७ ते ७.५ च्या आसपास असतं आणि त्यात काही कमीपणा नाही.

क्रॉस ट्रेनर वरवर सोपा वाटतो, म्हणूनच तो चुकीचा केला जातो. त्यावर तुमची पावलं लंबवर्तुळात फिरतात, इंग्रजी नावही त्यावरूनच आलं. दोन चुका सगळेच करतात. एक, मशीनचं वजन (पॅडल ढकलायला लागणारा जोर) जवळजवळ शून्यावर ठेवून भराभर पाय फिरवणं: तेव्हा आतलं जड चाक स्वतःच्या गतीने फिरत असतं आणि तुम्ही त्याच्यावर स्वार असता. दुसरी, पुढे वाकून हातांवर रेलणं. पाठ सरळ, खांदे सैल, टाच शक्य तितकी पॅडलला टेकलेली. ज्या पातळीला पाय ढकलावा लागतो असं जाणवतं, पण गुडघ्यावर ताण येत नाही, ती तुमची पातळी. बऱ्याच मशीनवर ती ५ ते ७ मध्ये सापडते. पंधरा-वीस मिनिटांनी बोटं बधिर होतात अशी तक्रार पुष्कळजण करतात. पाऊल एकाच जागी दाबलेलं असतं म्हणून तसं होतं. मिनिटभर टाच उचला, बुटाच्या नाड्या थोड्या सैल करा, बोटं हलवा.

गतीचा आकडा बघताना आधी तो एका पायाचा आहे की दोन्ही पायांचा ते समजून घ्या. दहा सेकंद उजवा पाय किती वेळा खाली गेला ते मोजा, सहाने गुणा आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून बघा. एका पायाचे ६० ते ६५ हे आरामाचं, ७५ ते ८० हे मेहनतीचं.

तिसरी पायरी: कुठलं मशीन शरीराच्या कुठल्या भागाला तयार करतं

इथे थोडं थांबून वाचा, कारण बहुतेकांचं गणित इथेच चुकतं.

पळणं म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत जाणं. प्रत्येक पावलात क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात. जमिनीवर पाय पडतो तेव्हा त्यावर अंगाच्या वजनाच्या दुपटी-अडीचपटीएवढा भार येतो. ६० किलोच्या बाईच्या पायावर १२० ते १५० किलो. मिनिटाला १६० पावलं धरली तर अर्ध्या तासात ४,८०० पावलं, म्हणजे प्रत्येक पायाने २,४०० वेळा हा भार झेलायचा. ट्रेडमिलचा पट्टा रस्त्यापेक्षा थोडा मऊ असतो, पण उडी तीच, पडणंही तेच. पोटरी, टाचेची शीर, नडगीचं हाड या सगळ्यांना पळणं म्हणजे काय ते ट्रेडमिलवर कळतं.

क्रॉस ट्रेनरवर पाय पॅडलवरून उठतच नाही. उडी नाही, म्हणून आपटणं नाही. हृदय, फुप्फुसं आणि मांड्या मात्र जवळजवळ तेवढंच काम करतात. दोन्ही मशीनवर सारख्याच मेहनतीने घाम गाळला तर हृदयाला फारसा फरक कळत नाही.

आता शरीराचा वेग बघा. नियमित व्यायाम सुरू केला की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढू लागतो, ठोके उतरू लागतात, महिन्याभरात दम बदललेला स्वतःला कळतो. स्नायूंना त्याहून वेळ लागतो. स्नायू हाडाला बांधणाऱ्या शिरा आणि हाडं सगळ्यात मागे असतात. हाड भार सोसून स्वतःला नव्याने घडवतं, पण आधी जुनं थोडं झिजवतं आणि मग नवं भरतं, आणि या सगळ्या फेऱ्याला महिने लागतात. मधल्या काळात ते आधीपेक्षा थोडं कमकुवतच असतं. नवशिक्याला नेमकं याच दिवसांत फार छान वाटत असतं, कारण श्वास हलका झालेला असतो.

म्हणून नुसता क्रॉस ट्रेनर करून रस्त्यावर उतरणं धोक्याचं. तो दम तयार करून देतो आणि नडगीला काहीच कळवत नाही. आणि नुसती ट्रेडमिल रोज करणंही तितकंच चुकीचं, कारण मग हाडाला भरून यायला रात्रच मिळत नाही. पळण्याचं ध्येय असेल तर पळणं ट्रेडमिलवर किंवा रस्त्यावर झालंच पाहिजे, आणि ज्या दिवशी पायांना सुट्टी हवी पण हृदयाला नको, त्या दिवशी क्रॉस ट्रेनर. माझ्या मते दोघींची तुलना यापलीकडे करायचं कारण नाही.

चौथी पायरी: मोजायचं काय

कॅलरीचा आकडा विसरा. मशीनला तुमचं वजन सांगितलेलं नसतं तेव्हा ते अंदाजाने छापतं, आणि क्रॉस ट्रेनर हा अंदाज बहुधा सढळ हाताने करतो. त्यावरचे किलोमीटरही पळण्याचे किलोमीटर नव्हेत. "मी आज ६ किलोमीटर केले" असं क्रॉस ट्रेनरवरून उतरून म्हणू नका, वहीत तर नक्कीच लिहू नका. माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत असे शेकड्यांनी किलोमीटर होते आणि त्यांच्या भरवशावर मी त्या रविवारी ८ पळाले.

वहीत दोन रकाने करा. एकात पळण्याची मिनिटं, दुसऱ्यात क्रॉस ट्रेनरची. दोन्हींची बेरीज हृदयासाठी. शर्यतीची तयारी झाली की नाही हे फक्त पहिल्या रकान्यावरून ठरवायचं.

मेहनत मोजायला बोलून बघा. पूर्ण वाक्य सहज बोलता येतं तो आरामाचा वेग. चार-पाच शब्दांनी थांबावं लागतं तो मेहनतीचा. एकेक शब्दच निघतो तो नवशिक्याने सध्या करायचाच नाही. मनगटी घड्याळ असेल तर ठोके बघा, पण जास्तीत जास्त ठोके काढायचं २२० वजा वय हे सूत्र ढोबळ आहे, त्याच वयाच्या दोन माणसांत चांगला फरक पडू शकतो. क्रॉस ट्रेनरवर हात जोरात ओढले की ठोके लगेच वर जातात. तेव्हा घड्याळापेक्षा श्वास खरा.

पाचवी पायरी: आठवडा बसवणं

पहिले चार आठवडे तीन दिवस ट्रेडमिल, दोन दिवस क्रॉस ट्रेनर, दोन दिवस विश्रांती. ट्रेडमिलचे दिवस लागोपाठ नकोत. ५ मिनिटं ५ च्या वेगाने चाला, मग १ मिनिट पळा आणि २ मिनिटं चाला, असं ८ वेळा, शेवटी पुन्हा ५ मिनिटं चालणं. दुसऱ्या आठवड्यात २ पळणं, २ चालणं, ६ वेळा. तिसऱ्यात ३ आणि २, पाच वेळा. चौथ्यात ५ आणि २, चार वेळा. क्रॉस ट्रेनर २५ ते ३० मिनिटं, पूर्ण वाक्य बोलता येईल असा. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा, १६ आठवड्यांत तेवढी सवड आहे.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात सलग पळणं २० मिनिटांवरून ३० पर्यंत न्या, आणि तीनपैकी एक पळणं बाहेर काढा. याच काळात मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती सांगते. एकाच दिवशी आधी २० मिनिटं ट्रेडमिलवर पळा आणि पाणी पिऊन लगेच २० मिनिटं क्रॉस ट्रेनर करा. हृदयाला ४० मिनिटांचं काम मिळतं, नडगीला मात्र २० मिनिटांचाच भार. पळायला लागल्यावर ज्यांचं वजन थोडं जास्त आहे, किंवा ज्यांचे गुडघे पन्नाशीनंतर कुरकुरतात, त्यांनी ही जोडी शर्यतीपर्यंत सोडूच नये. क्रम मात्र उलटा करू नका. क्रॉस ट्रेनरने मांड्या थकल्यावर पट्ट्यावर पळलं तर पाऊल जड पडतं, आणि भार सगळा हाडावर जातो.

नवव्या ते तेराव्या आठवड्यात रविवारचं लांब पळणं बाहेर: ५, ६, ७, मग एक आठवडा पुन्हा ५, मग ८ किलोमीटर. आठवड्यामध्ये एकदा ट्रेडमिलवर ३० मिनिटं आरामात, एकदा जोडी, आणि एकदा क्रॉस ट्रेनरवर जोराचं काम: १ मिनिट जोरात, २ मिनिटं हळू, ८ वेळा. वेग वाढवायचा हा सराव नवशिक्याने ट्रेडमिलवर करण्यापेक्षा क्रॉस ट्रेनरवर करावा असं माझं ठाम मत आहे. धाप तीच लागते, आणि दमलेल्या पायांनी वेगात पडण्याची भीती राहत नाही.

दोन दिवस १० मिनिटं बैठका आणि टाचा उचलणं. आमचे आजोबा दांडिया बाजारात प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात जात, आणि म्हातारपणीही सकाळी बैठका मारल्याशिवाय चहा घेत नसत. पोटऱ्या आणि मांड्या भक्कम करायला बैठका आणि टाचा उचलण्यापेक्षा चांगलं काही मला कुठल्या मशीनवर सापडलं नाही. जिन्याच्या पायरीवर पुढचं पाऊल टेकवून टाचा सावकाश वर, सावकाश खाली, १५ वेळा, तीनदा. टाचेच्या शिरेला हे फार मानवतं.

सहावी पायरी: पट्ट्यावरून रस्त्यावर

ट्रेडमिलवर १ टक्का चढ ठेवाच असं तुम्हाला सगळे सांगतील. बाहेर हवा कापत जावं लागतं, आत नाही, म्हणून ती भरपाई. पण हा फरक वेगात पळणाऱ्यांना जाणवतो. ७-८ च्या वेगाला तो इतका थोडा आहे की नवशिक्याने चढ शून्यावर ठेवला तरी काही बिघडत नाही. बडोदं सपाट आहे, आपल्याकडचे चढ म्हणजे पूल: अकोटा-दांडिया बाजार पूल आणि गावभर झालेले उड्डाणपूल. शर्यतीच्या वाटेवर पूल असेल तर आठवड्यातून एकदा ट्रेडमिलवर ३ टक्के चढ लावून ३ मिनिटं, मग ३ मिनिटं सपाट, असं चार वेळा करा. चढावर वेग १ ने कमी करा. पोटऱ्या आधीच दुखत असतील त्या आठवड्यात हे वगळा, चढ सगळ्यात जास्त त्यांनाच लागतो.

बंद खोलीत वारा नसतो, त्यामुळे घाम सुकत नाही आणि तेवढ्याच वेगाला ठोके जास्त दिसतात. पंख्याच्या समोरची ट्रेडमिल मिळवा. त्यासाठी पंधरा मिनिटं थांबावं लागलं तरी थांबा.

बाहेर पहिल्यांदा जाल तेव्हा जिममध्ये जितकी मिनिटं पळता त्याच्या दोन-तृतीयांश पळा. रस्ता कडक असतो, वळणं असतात, आणि मुख्य म्हणजे वेग धरून ठेवणारा पट्टा नसतो. नवशिका माणूस बाहेर पहिली दहा मिनिटं हमखास वेगात जातो. कमाटीबागेत पहाटे चांगली गर्दी असते, तिच्यातून वाट काढत पळताना वेग आपोआप आवरला जातो, म्हणून सुरुवातीला ती जागा मला आवडते. सयाजीरावांनी १८७९ मध्ये ही बाग गावासाठी खुली केली. मातीच्या कडेने पळायला मिळतं ही नडगीवर केवढी कृपा आहे हे दुखणं सोसलेल्यालाच कळेल.

सातवी पायरी: दुखलं तर

दोन्ही मांड्या किंवा दोन्ही पोटऱ्या जड वाटतात, चालल्यावर मोकळ्या होतात: हे कामाचं दुखणं. एक दिवस क्रॉस ट्रेनर, मग पुन्हा पळा.

नडगीच्या आतल्या बाजूने लांबभर दुखतं, पळायला लागल्यावर कमी होतं आणि नंतर पुन्हा येतं: पळणं आठवडाभर बंद, क्रॉस ट्रेनर चालेल. पण एक अट. करताना दुखता कामा नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पाऊल टाकताना आदल्या दिवसापेक्षा वाईट असता कामा नये.

हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखतं, रात्रीही ठणकतं, एका पायावर हलकी उडी मारली तर कळ येते: कुठल्याही मशीनवर चढू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक तडा गेला असेल तर सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये तो दिसत नाही असं बऱ्याचदा होतं, तेव्हा एक्स-रे साफ आला म्हणून दुसऱ्या दिवशी पळायला जाऊ नका. डॉक्टरांना उडीची कळ आवर्जून सांगा.

गुडघ्याच्या वाटीभोवती दुखत असेल तर क्रॉस ट्रेनर नेहमी मदत करतोच असं नाही. वजन जास्त ठेवलं तर तो तेच दुखणं वाढवतो. पातळी दोनने उतरवा, आणि तरी दुखलं तर पोहणं किंवा नुसतं चालणं बरं.

दुखण्यानंतर परत येताना वहीतला पहिला रकाना बघा. तीन आठवडे पळला नसाल तर आधीच्या निम्म्या मिनिटांपासून सुरू करा, मधल्या काळात क्रॉस ट्रेनर कितीही केला असला तरी. दम सांगेल की आणखी जा. त्याचं ऐकू नका.

आठवी पायरी: गरबा आणि उत्तरायण

बडोद्याच्या वेळापत्रकात या दोन गोष्टी न धरता कुणी सराव आखत असेल तर तो कागदावरच राहतो. नवरात्रात मोठ्या मैदानांवर आपण अनवाणी गरबा खेळतो, तोही दोन-तीन तास, टाचा उचलून, गिरक्या घेत. पोटऱ्या आणि तळव्यांना तो भार पळण्याइतकाच आहे. त्या नऊ दिवसांत पळण्याचे तीन दिवस कापून एकच ठेवा, तोही २० मिनिटांचा, आणि एक दिवस हलका क्रॉस ट्रेनर. बाकी झोप. गरबा सोडा असं मी कुणालाही सांगणार नाही. तो व्यायाम म्हणून वहीत लिहा, पहिल्याच रकान्यात, कारण पाय तिथेही आपटतोच.

उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीच्या, आदल्या आठवड्यापासून बाहेर पळताना मांजाची काळजी घ्या. झाडावरून, विजेच्या तारेवरून लोंबणारा दोरा पहाटेच्या अंधारात दिसत नाही, रस्त्यावर पडलेला पायात अडकतो. गळ्याभोवती जाड रुमाल बांधा, उजाडल्यावरच निघा, आणि १४-१५ जानेवारीला जिम उघडी असेल तर सरळ ट्रेडमिल.

घरी मशीन घ्यायचं असेल तर

थोडक्यात सांगते. पळण्यासाठी ट्रेडमिल घेताना मोटरचा सलग चालण्याचा हॉर्सपॉवर विचारा, क्षणभराचा मोठा आकडा नको. पट्टा तुमच्या पळत्या पावलाला पुरतो का हे दुकानात बूट घालून पळून बघा. तिला वेगळा पॉवर पॉइंट लागतो, खाली जाड रबरी मॅट लागते, आणि खालच्या मजल्यावरच्यांशी आधी बोलून ठेवावं लागतं. पट्ट्याखाली वेळच्या वेळी सिलिकॉन तेल घालावं लागतं, हे विकणारा बहुधा सांगत नाही. क्रॉस ट्रेनरला आवाज कमी आणि देखभाल थोडी, पण स्वस्त मशीनमध्ये पावलाचा फेरा इतका आखूड असतो की जिना चढल्यासारखं वाटतं. पाच मिनिटं चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका. पळण्यासाठी एकच घ्यायची ऐपत आणि जागा असेल तर मी कुठलीच घ्यायला सांगणार नाही: चांगले बूट घ्या, जिम लावा, तिथे दोन्ही आहेत.

शेवटचे पंधरा दिवस

चौदाव्या आठवड्यात एकदा ९ किलोमीटर बाहेर. त्यानंतर पळण्याची मिनिटं दर आठवड्याला साधारण एक-तृतीयांशने कमी. या दिवसांत अंग हलकं वाटतं आणि जास्त करावंसं वाटतं, तेव्हा ती हौस क्रॉस ट्रेनरवर भागवा, पण आरामाच्या वेगाने. शर्यतीच्या आधीच्या बुधवारी ट्रेडमिलवर २० मिनिटं, शुक्रवारी क्रॉस ट्रेनरवर १५, शनिवारी काही नाही. नवे बूट, नवे मोजे त्या आठवड्यात काढू नका.

आणि एक तयारी ट्रेडमिलवरच करून ठेवा. शेवटच्या दोन-तीन वेळा आकड्यांवर रुमाल टाका आणि ७ चा वेग पायांना कसा लागतो, श्वास कसा येतो, तो आवाज कसा असतो, ते लक्षात ठेवा. शर्यत सुटते त्या नवलखी मैदानावरच्या गर्दीत ढोल वाजत असतात, सगळे सुटतात, आणि तुमच्या बाजूचा प्रत्येक माणूस तुमच्यापुढे जात असतो. पहिला किलोमीटर साडेआठ मिनिटांत व्हायला हवा. तिथे पट्टा नसेल, पण तो लक्षात ठेवलेला श्वास असेल, त्याच्यावर पळा.